वेगाचे वेतन

मोटार चालवून पोट भरणारा मनुष्य आपणांस नवा नाही. एस. टी.चा चालक, रात्रभर मालमोटार हाकून पहाटे धाब्यावर चहा घेणारा ड्रायव्हर, शहरातील टॅक्सीवाला, यांचा व्यवहार अगदी सरळ आहे. कोणाला तरी कोठे तरी जावयाचे असते, कसला तरी माल कोठे तरी पोचवावयाचा असतो आणि त्या पोचविण्याचे दाम चालकाच्या पदरात पडते. परंतु ज्याच्या गाडीत उतारू नाही आणि माल नाही, जो जेथून निघाला तेथेच मिनिट-दोन मिनिटांनी परत येतो आणि टायर व इंधन यांची राख करून अखेर पहिल्या जागीच थांबतो, त्याला वेतन कोण देतो? आणि का देतो? शर्यतीच्या मोटारचालकाची भाकरी कोठून येते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. तथापि कोणत्याही कलावंताच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

शर्यतीच्या मोटारी नाना प्रकारच्या असतात. त्यांपैकी 'टूरिंग कार' म्हणून जी ओळखली जाते ती बाहेरून पाहता तुमच्या-आमच्या दारापुढे उभी राहणारी घरगुती मोटारच असते. तिच्या आतील गाद्या काढून टाकलेल्या असतात, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसविलेला असतो, इंजिन व चाके यांत पुष्कळ फेरफार केलेले असतात, पण रूप मात्र बाजारातील गाडीचेच राखलेले असते. हे रूप राखण्यातच या धंद्याचे सारे अर्थशास्त्र साठविलेले आहे. ब्रिटनमध्ये अशा मोटारींच्या शर्यतींची मालिका १९५८ साली सुरू झाली आणि ती आजतागायत चालू आहे. इतका सलग इतिहास हाती असल्यामुळे तिच्याच आधाराने आपण हा शोध घेऊ.

पहिल्याच हंगामाच्या अखेरीस मोठा पेच पडला. जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ या दोघांचे गुण समसमान झाले. नाणे उडवून निकाल लावावा अशी सूचना पुढे आली. ती दोघांनाही रुचली नाही. मग ब्रँड्स हॅचच्या मैदानावर दोन सारख्या रायली मोटारी आणण्यात आल्या. दोघांनी पाच फेऱ्या धावावयाचे, नंतर गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा पाच फेऱ्या धावावयाचे आणि दोन्ही वेळांची बेरीज करावयाची, असे ठरले. पावसाने ओल्या झालेल्या वाटेवर सिअर्स १.६ सेकंदांनी सरस ठरला. हा सिअर्स नॉरफोक परगण्यातील शेतकरी होता आणि सॉपविथ हा विमानांचा प्रख्यात कारखानदार सर टॉमस सॉपविथ यांचा चिरंजीव. म्हणजे एकाची चूल जमिनीवर चालत होती आणि दुसऱ्याची वडिलार्जित संपत्तीवर. शर्यत हा त्यांचा छंद होता. त्या छंदापायी होणाऱ्या खर्चाचा काही भाग भरून निघाला, तरी त्यांना तो पुष्कळ वाटत असे.

हा भाग भरून येई तो मुख्यतः दोन वाटांनी. नामांकित चालक मैदानात उतरला की प्रेक्षक वाढत, म्हणून शर्यतीचे चालक त्याला केवळ हजर राहण्याबद्दल मानधन देत. दुसरी वाट तेल, टायर आणि स्पार्क प्लग विकणाऱ्या कंपन्यांची. त्यांचा माल वापरून कोणी जिंकला की त्या बक्षीस देत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून त्या विजयाचा डंका पिटीत. पूर्ण वेळ शर्यतीवर जगणारे चालक त्या काळीही होते, पण घरगुती मोटारीची शर्यत ही त्यांची जोडकमाई असे. जिम क्लार्क हा १९६३ आणि १९६५ सालचा जगज्जेता. मधल्या १९६४ साली त्याने लोटस कॉर्टिनामध्ये बसून ब्रिटनमधील ही मालिकाही जिंकली. आपल्याकडील नामांकित गवई मोठ्या मैफली गाजवीत असताना अधूनमधून एखाद्या घरगुती समारंभातही बसतो, त्यातलाच हा प्रकार.

या मालिकेत लहान माणसालाही वाव होता. इंजिनाच्या आकारमानानुसार गाड्यांचे गट पाडलेले असत आणि आपल्या गटात पहिला येणाऱ्याला पुरे गुण मिळत. त्यामुळे सर्वांच्या पुढे एकदाही न जाता अजिंक्यपद मिळविता येई. जॉर्ज बेव्हन यांच्या छोट्याशा पथकाकडून चिमुकली सनबीम इम्प चालविणाऱ्या बिल मॅकगव्हर्नने १९७० ते १९७२ अशी लागोपाठ तीन वर्षे हे पद मिळविले. कीर्ती मोठी आणि गाडी लहान, असा हा योग होता.

खरा पालट घडला तो १९६८ साली. तोपर्यंत मोटारीच्या अंगावर परक्या मालाची जाहिरात रंगविण्यास मज्जाव होता. त्या वर्षी तो उठला. वरवर पाहता ही रंगाची बाब. वस्तुतः तिने चालकाच्या जीविताचा पाया बदलला. आजवर ज्यांचा माल गाडीत वापरला जाई तेच तिच्यावर पैसा लावीत. आता ज्यांचा मोटारीशी यत्किंचितही संबंध नाही असे सिगारेटवाले, बँका, विमा कंपन्या यांनाही गाडीचा पत्रा भाड्याने घेता येऊ लागला. पत्र्याला भाडे मिळू लागले तशी भाडेकरू शोधण्याची जबाबदारी चालकावर आली. वेगाने गाडी हाकणे ही एक विद्या आणि आपला वेग दुसऱ्याला विकणे ही दुसरी. यापुढे या दोन्ही विद्या ज्याच्या अंगी, तोच टिकणार होता.

तिसराही एक मार्ग होता, तो कारागिराचा. अँडी राऊज हा मूळचा यंत्रज्ञ. त्याने १९७५ साली ट्रायम्फ डोलोमाइट चालवून अजिंक्यपद मिळविले. पुढे स्वतःचा कारखाना काढला आणि १९८३, १९८४ व १९८५ या तीन वर्षी आल्फा रोमिओ, रोव्हर आणि फोर्ड अशा तीन निरनिराळ्या गाड्यांतून तेच पद पुन्हा पटकाविले. या मालिकेत त्याने साठ शर्यती जिंकल्या. पण त्याचे घर केवळ या साठ विजयांवर चालत नव्हते. राऊजने बांधलेली गाडी जिंकते ही ख्याती झाली की तशीच गाडी बांधून घेण्यासाठी गिऱ्हाईक येई. विजय हा त्याच्या दुकानाचा फलक होता. उत्पन्न दुकानातून येई.

१९९० नंतर या खेळाला राजाश्रय लाभला. सर्व गाड्यांना दोन लिटरचे इंजिन हा एकच नियम झाला, दूरदर्शनवर शर्यती दिसू लागल्या आणि मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांची तेथे रीघ लागली. बी.एम.डब्ल्यू., फोर्ड, टोयोटा, निस्सान, रेनॉ, व्होल्व्हो, आउडी, होंडा, कोण म्हणून आले नाही? रविवारी जिंकावे आणि सोमवारी विकावे, हे त्यांचे गणित. व्होल्व्होने तर १९९४ साली सामानसुमान वाहून नेणारी, मागून लांबलचक अशी कौटुंबिक गाडीच शर्यतीत उतरविली. ती जिंकली नाही, पण जो तो तिच्याविषयीच बोलू लागला आणि कंपनीचा हेतू साधला. स्वीडनचा रिकार्ड रिडेल, इटलीचा तार्क्विनी, स्वित्झर्लंडचा मेन्यू, जर्मनीचा बीला असे देशोदेशीचे पटाईत चालक रोख वेतनावर ब्रिटनमध्ये आले. तरीही स्कॉटलंडच्या जॉन क्लीलँडने १९८९ आणि १९९५ साली अजिंक्यपद मिळविले ते आपला मोटारविक्रीचा धंदा सांभाळूनच. तो शहाणा होता, असे पुढील इतिहास वाचून म्हणावेसे वाटते.

कारण राजाश्रयाची एक किंमत असते. कीथ ओडोर या चालकाने १९९३ साली निस्सानला या मालिकेतील पहिला विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षाअखेर कंपनीने ब्रिटनमधील आपले पथक आवरते घेतले. तेव्हा हा गुणी मनुष्य निस्सानचीच गाडी चालविण्यासाठी जर्मनीतील मालिकेत गेला. १९९५ सालच्या सप्टेंबरात बर्लिनच्या आव्हुस मार्गावर तो एक शर्यत जिंकला आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या शर्यतीत झालेल्या अपघाताने त्याचा अंत झाला. काम जेथे जाईल तेथे कारागिराला जावे लागते. या कारागिराला ते फार दूर घेऊन गेले. वेतनाची चर्चा करताना त्यात जिवाचे मोलही धरलेले असते, याचा विसर पडू नये.

आश्रय आला तसाच गेला. खर्च फुगत गेला आणि एकेक कंपनी हिशेब मांडून उठू लागली. १९९९ साली निस्सान अजिंक्य ठरली आणि निघून गेली. २००० साली फोर्ड अजिंक्य ठरली आणि तीही निघून गेली. त्या वर्षी मैदानात अवघ्या तीन कंपन्या उरल्या होत्या. हरल्यामुळे कोणी सोडून जावे हे समजते. पण येथे जिंकल्यावर सोडून जाणे हेच शहाणपणाचे ठरले. विकावयाचे ते विकून झाले होते. याच पडत्या काळात एक आनंदाची घटना घडली. कंपनीच्या आश्रयाविना धावणारा कोणी सर्वांच्या पुढे जाऊन शर्यत जिंकेल, तर त्याला अडीच लाख पौंड देऊ, असे संयोजकांनी जाहीर केले होते. १९९९ च्या हंगामारंभी डॉनिंग्टन पार्क येथे मॅट नीलने ते बक्षीस जिंकले. मोटारीची चाके बनविण्याचा धंदा असलेल्या कुटुंबातील हा मुलगा वडिलांच्या पथकातून धावत होता. बक्षिसाच्या थैलीची एवढी मोठी गोष्ट होते, याचा अर्थच असा की एरवी थैलीवर कोणाचे पोट भरत नाही.

यानंतर व्यवहाराची दिशाच उलटली. पूर्वी पथक चालकाला पैसे देई. आता बहुधा चालकच पथकाकडे पैसे घेऊन येतो. हंगामाचा खर्च किती हे पथकाचा मालक सांगतो आणि ती रक्कम गोळा करण्यासाठी चालक हिवाळाभर कंपन्यांचे उंबरे झिजवितो. उन्हाळ्यात शर्यतीच्या दिवशी आश्रयदात्याच्या पाहुण्यांशी गोड बोलावयाचे, त्यांना गाडीत बसवून फेरी मारून आणावयाची. आणि इतर दिवशी हौशी श्रीमंतांना गाडी चालविण्याचे धडे द्यावयाचे. ही शिकवणी पुष्कळांच्या घरखर्चाचा खरा आधार असते. रोख वेतन घेणारे थोडे चालक आहेत, नाही असे नाही. २०११ पासून सर्वांना पुष्कळसे भाग सारखेच वापरावयास लावून खर्च आटोक्यात आणण्यात आला, म्हणूनच ही मालिका तगली.

त्यातही एक गंमत अशी की कित्येक वर्षे या मालिकेत जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढील शर्यतीसाठी वजन ठेवण्याची चाल होती. चुरस टिकावी, प्रेक्षक टिकावे आणि पर्यायाने आश्रयदाते टिकावे, हा तिचा हेतू. यशाचे ओझे होते असे आपण नेहमी म्हणतो. येथे ते किलोग्रॅममध्ये मोजून दिले जात असे.

उत्तर आयर्लंडच्या कॉलिन टर्किंग्टनचे उदाहरण या साऱ्याचे सार सांगते. २००९ साली तो बी.एम.डब्ल्यू. गाडीतून अजिंक्य ठरला. हंगाम संपताच त्याच्या पथकाचा मुख्य आश्रयदाता दूर झाला आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या अजिंक्यवीराला ब्रिटनमध्ये बसावयास गाडी नव्हती. तो परदेशातील मालिकांत मिळेल तेथे धावला. जपानमध्ये ओकायामा येथे त्याने २०१० साली एक शर्यत जिंकलीही. नवा आश्रयदाता मिळून तो २०१३ साली परतला आणि २०१४, २०१८ व २०१९ साली पुन्हा अजिंक्य ठरला. मधल्या तीन वर्षांत त्याचा हात अडखळू लागला नव्हता, नजर मंदावली नव्हती. उणे होते ते एवढेच की गाडीच्या पत्र्याला भाडेकरू नव्हता.

आपल्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पोटाशी धरले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पैलवानाच्या खुराकाची चिंता दरबार वाहत असे. पैलवानाने जिंकावे आणि दरबाराची शोभा वाढवावी, एवढीच अपेक्षा. मोटारीच्या शर्यतीत दरबाराच्या जागी बाजार आला आहे. दरबाराला मल्लाचा अभिमान वाटे. बाजाराला अभिमान नसतो, हिशेब असतो.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की, शर्यतीचा चालकही काहीतरी पोचवीतच असतो. तो दुसऱ्याचे नाव पोचवितो आणि ते पोचविण्याचे त्याला भाडे मिळते. वेगाला स्वतःचे वेतन नाही. सिअर्सपाशी शेत होते, राऊजपाशी कारखाना होता, क्लीलँडपाशी दुकान होते. ज्यांच्यापाशी यांतले काही नव्हते त्यांना दारोदार जावे लागले. आणि तरीही दर वसंतात नवे चालक त्या वाटेवर येऊन उभे राहतात. अर्थशास्त्राला चालकाच्या वेतनाचा हिशेब मांडता येतो. वेतनाची शाश्वती नसताना तो गाडीत का बसतो, हे मात्र त्या हिशेबाच्या वहीत सापडत नाही.