कानातील प्रतिजैविक-स्टेरॉइड थेंब

बाह्यकर्णाच्या व मध्यकर्णाच्या जंतुसंसर्गावर थेट कानात घालण्याचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे द्रवरूप औषध. त्यात जंतू मारणारे प्रतिजैविक (सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, नियोमायसिन, जेंटामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांपैकी एखादे) आणि सूज, खाज व ठणका उतरवणारे स्टेरॉइड (डेक्झामेथॅसोन, बेक्लोमेथॅसोन, हायड्रोकॉर्टिसोन) एकत्र असते. भारतात विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत बुरशीनाशक क्लोट्रिमॅझोल आणि जागा बधिर करणारे लिग्नोकेन यांचीही भर असते. छत्रपती संभाजीनगरात, तसेच मराठवाड्यात सगळीकडे, ‘कानाचा ड्रॉप द्या’ एवढे सांगून औषध मागण्याची सवय आहे. सगळे ड्रॉप एकसारखेच, हा समज तिच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात एकच बाटली एका कानाला तारते आणि दुसऱ्याला अपाय करते. हा फरक कानाच्या पडद्यावरून ठरतो. पडदा शाबूत आहे की फुटला आहे, हे दुर्बिणीने पाहिल्यावाचून कोणालाही, अगदी अनुभवी डॉक्टरांनाही, सांगता येत नाही. म्हणून कान तपासून घेणे हा या औषधाच्या वापराचाच पहिला भाग मानला पाहिजे.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या टोकाशी पडदा असतो. पडदा शाबूत असेल तर थेंब नळीतच राहतात, पलीकडे जात नाहीत. त्याला भोक असेल तर औषध मध्यकर्णात उतरते. मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीत ‘गोल खिडकी’ नावाची पातळ पापुद्र्याने झाकलेली जागा आहे. तिच्यातून झिरपून काही औषधे अंतर्कर्णातल्या द्रवापर्यंत पोचतात. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या केसपेशी तिथेच असतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जेंटामायसिन, नियोमायसिन ज्या गटात मोडतात त्या अमिनोग्लायकोसाइड औषधांचा या पेशींवरचा घाव जुना आणि परिचित आहे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, हे इंजेक्शन घेणाऱ्या क्षयरोग्यांना चक्कर येते, काहींची श्रवणशक्ती जाते, हे ध्यानात आले. कानाच्या थेंबांबाबत तर याहून थेट पुरावा आहे. मेनिएर विकारात चक्कर कशानेच आटोक्यात येत नसेल, तर कानाचे डॉक्टर पडद्यातून सुई घालून मध्यकर्णात जेंटामायसिन सोडतात. तोल सांभाळणाऱ्या पेशी निकामी करणे हाच तिथे हेतू असतो. जे औषध त्या जागी मुद्दाम पेशी मारण्यासाठी वापरतात, ते फुटलेल्या पडद्यातून आठवडाभर आपोआप तिथे पोचू देणे शहाणपणाचे नाही.

यावर अभ्यासू डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. नियोमायसिन-जेंटामायसिनचे थेंब कित्येक दशके जगभर वाहत्या कानांत पडले, तरी बहिरे झालेले लोक थोडेच नोंदले गेले. शिवाय पू झालेल्या मध्यकर्णातले अस्तर सुजून गोल खिडकी झाकते, त्यामुळे औषध आत पोचणे अवघड होते, आणि उपचार न केलेला पूही अंतर्कर्णाला इजा करतोच. या तिन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण सूज दोन-चार दिवसांत उतरते, आणि ती उतरावी म्हणूनच तर बाटलीत स्टेरॉइड असते. सूज उतरली, पू आटला, की खिडकी उघडी पडते आणि थेंब मात्र चालूच राहतात. खरा धोका या टप्प्यावर आहे. ‘बरे वाटले तरी अजून चार दिवस घालू’ असे म्हणणारा माणूस नेमका तिथेच सापडतो. दुसरे असे, की वाहत्या कानाला आधीच कमी ऐकू येत असते. त्यात आणखी घट झाली तर ती आजाराच्या नावावर खपते, औषधाकडे कोणी बोट दाखवत नाही. तिसरे कारण मला सर्वांत निर्णायक वाटते. एके काळी दुसरा पर्याय नव्हता, आज तो आहे. १९९७ साली अमेरिकेत ऑफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांना पडदा फुटलेल्या कानासाठीही मान्यता मिळाली. ऑफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचा अंतर्कर्णाला तसा अपाय आढळलेला नाही, आणि दोन्ही आपल्याकडे सहज मिळतात. धोका लहान असला तरी कायमचा आहे, आणि तो टाळायला फारसा खर्च येत नाही. मग तो पत्करायचा कशाला? आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे काही घराण्यांत अमिनोग्लायकोसाइडच्या इंजेक्शनच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येते. आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.

कायद्यानेही कानाचे थेंब वरून लावण्याच्या इतर औषधांहून वेगळे मानले आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील शेड्यूल एच या यादीतली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वरून लावण्याच्या तयार औषधांना या यादीच्या टिपेत सवलत दिली होती. त्या सवलतीतून प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड असलेली डोळ्यांची, कानाची आणि नाकाची औषधे मात्र स्पष्टपणे वगळली. ‘थेंबच तर आहेत, पोटात थोडेच जातात’ हा युक्तिवाद त्या टिपेने आधीच निकालात काढला आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वसाहतींत औषधे बनवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात तरी वेष्टनावरचा आरएक्स आणि लाल पट्टी लोक वाचतील, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

चिठ्ठीचा आग्रह धरण्याचे दुसरे कारण निदानाचे आहे. कान ठणकतो, ओला वाटतो, खाजतो, दडे बसतात, या चार तक्रारींमागे निरनिराळे आजार असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत किंवा तलावात पोहणाऱ्या मुलांना नळीच्या कातडीचा दाह होतो. कानाची पाळी ओढली की मूल ओरडते, ही त्याची ठळक खूण. तिथे प्रतिजैविक-स्टेरॉइड थेंब उत्तम काम करतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की बुरशी धरते. त्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त असते, आणि दुर्बिणीतून पाहिले तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा करडा-पांढरा थर आणि त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचे ते बीजाणू. या कानात नुसते प्रतिजैविक-स्टेरॉइड घातले तर बुरशीला आवर घालणारे जंतू मरतात, स्टेरॉइडने तिथला प्रतिकार मंदावतो आणि बुरशी फोफावते. पहिल्या दोन दिवसांत खाज कमी झालेली असते, म्हणून रोगी खूश होऊन दुसरी बाटली आणतो. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस थेंब घातले तर निरोगी नळीतही हेच होते. नियोमायसिनची तऱ्हा आणखी वेगळी. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. कान लाल होतो, सुजतो, पाळीवर ओल येते, आणि आजार वाढला असे समजून लोक थेंबांची संख्या वाढवतात. औषध सुरू केल्यावर खाज आणि सूज वाढली, तर ते आधी थांबवावे आणि कान दाखवावा.

मधुमेह असलेल्यांनी याबाबत अधिक जागरूक राहावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्यांच्यात, विशेषतः वयस्करांत, नळीचा साधा वाटणारा दाह कधीकधी कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो. बहुधा स्यूडोमोनास हा जंतू त्याला कारण असतो. रात्री झोपू न देणारा ठणका आणि पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, असा त्याचा क्रम असतो. या आजाराला शिरेतून किंवा तोंडाने अनेक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. नुसत्या थेंबांवर काढलेला प्रत्येक दिवस वाया जातो. साखर असलेल्या माणसाचा ठणका दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर त्याने बाटली बदलून पाहण्याऐवजी थेट रुग्णालय गाठावे.

इतके धोके वाचून एखादा म्हणेल, की मग गोळ्याच घेतलेल्या बऱ्या. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ०.३ टक्के सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या एका मिलिलिटर थेंबांत तीन मिलिग्रॅम, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम औषध असते. पाचशेची गोळी घेतल्यावर रक्तात दर मिलिलिटरला दोन-तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध मिळते. जंतूंच्या अंगावर थेंबांतून हजारपट तीव्र मात्रा पडते आणि पोट, यकृत, आतड्यातले उपयोगी जंतू यांना त्याची झळ लागत नाही. म्हणूनच नळीच्या साध्या दाहात आणि जुनाट वाहत्या कानातही थेंब हाच पहिला उपचार मानतात. स्टेरॉइड या शब्दाची धास्तीही इथे अनाठायी आहे. आठवडाभराच्या थेंबांतून रक्तात जाणारे स्टेरॉइड नगण्य असते. हे औषध चांगले आहे, आणि चांगले आहे म्हणूनच ते योग्य कानात पडावे.

ते घालण्याची रीत वाटते तितकी बिनमहत्त्वाची नाही, कारण पुष्कळांच्या बाबतीत औषध कानाच्या तोंडाशीच राहते. कानात पू असेल तर तो आधी टिपायला हवा. स्वच्छ कोरड्या कापसाची सैल वात पिळून ती कानाच्या तोंडाशी ठेवावी, भिजली की बदलावी. काडी आत घालू नये. बाटली पाच मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी अंतर्कर्णातला द्रव हलतो आणि खोली फिरू लागते. रॉबर्ट बाराणी यांनी कानात गार-गरम पाणी सोडून नेमका याच प्रतिसादाचा अभ्यास केला आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेबलवर लिहिले असेल तर बाटली हलवून घ्यावी. कुशीवर, दुखरा कान वर करून निजावे. मोठ्यांची पाळी वर आणि मागे ओढावी, तीन वर्षांच्या आतील मुलाची खाली आणि मागे, म्हणजे नळी सरळ होते. सांगितले असतील तितके थेंब नळीच्या भिंतीवरून सोडावेत, म्हणजे आतली हवा बाहेर यायला वाट राहते. मग कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबावा, आणि तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहावे. बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन-डेक्झामेथॅसोनचा नेहमीचा क्रम चार थेंब दिवसातून दोनदा, सात दिवस असा असतो. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये आणि सातव्या दिवसानंतर स्वतःहून लांबवूही नये. लिग्नोकेन असलेले औषध घातल्यावर घशात कडवट चव उतरली किंवा गरगरले, तर पडद्याला भोक असल्याचा तो इशारा समजून औषध थांबवावे. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी आणि ती घरातल्या दुसऱ्याच्या कानात घालू नये. फक्त कानासाठी असलेले थेंब डोळ्यात तर कधीच घालू नयेत.

शेवटचा आक्षेप अंतराचा आणि पैशांचा. सोयगाव किंवा कन्नडच्या एखाद्या वाडीतल्या माणसाने कान ठणकतो म्हणून मजुरी बुडवून शहरात यायचे का? ही अडचण खरी आहे, आणि तिला उत्तर रोग्याने एकट्याने देण्यासारखे नाही. पण दुर्बीण फक्त शहरातच असते, असेही नाही. पडदा शाबूत आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातले किंवा ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टरही पाहू शकतात, आणि आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात, तेही त्यातच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीच्या यादीत मध्यकर्णाचा दाह आहे. पथक येईल तेव्हा मुलाचा कान वाहतो, हे पालकांनी आवर्जून सांगावे. डॉक्टर भेटेपर्यंत वयानुसार पॅरासिटामॉल द्यावे, आंघोळीला कानात व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा आणि पोहणे बंद करावे. लसूण घालून कढवलेले तेल, कांद्याचा रस, तुळशीचा रस यांपैकी काहीही कानात घालू नये. फुटलेल्या पडद्यातून ते आत जाते, आणि नंतर तपासताना तेलाच्या थरापलीकडे काही दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालाने जुनाट वाहत्या कानाच्या बाबतीत भारताला सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत धरले आहे. या कानांत दोन प्रकार असतात. पहिल्यात पडद्याच्या मध्यभागी भोक असते, पातळ बुळबुळीत पाणी येते, थेंबांनी कान कोरडा होतो आणि पुढे पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या कडेला खळगा पडून त्यात मृत कातडीचा गोळा साठतो. स्राव थोडाच, पण कुजकट वास येणारा असतो, आणि तो गोळा कानातली हाडे झिजवत जातो. थेंब घातले की वास आणि ओल दोन आठवडे नाहीशी होते, मग परत येते. असे दोन-तीनदा झाले असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे घाटीत, कान-नाक-घसा विभागात कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. कातडीचा गोळा निघाला तर शस्त्रक्रिया करूनच तो काढावा लागतो. वेळेत काढला नाही तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि क्वचित मेंदूपर्यंत पू पोचतो.