दारू सुटते, मग पुन्हा का सुरू होते? थोडा इतिहास

दारू सोडणे आणि दारूपासून दूर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काही दिवसांत होते, दुसरी आयुष्यभर सांभाळावी लागते. तुमच्या घरात कुणी दारू सोडून पुन्हा प्यायले असेल, तर "याला सुधारायचेच नाही" असे म्हणण्याआधी हा इतिहास वाचा.

मे १९३५. अमेरिकेतील ॲक्रन शहर. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन न्यूयॉर्कहून तिथे आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला होता, आणि हॉटेलच्या लॉबीतून बारमधले आवाज ऐकू येत होते. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला. दारूशी झगडणारे कुणी भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी भेट ठरली. पंधरा मिनिटांची भेट काही तास चालली. त्यात उपदेश नव्हता. एक व्यसनी माणूस दुसऱ्याला स्वतःची गोष्ट सांगत होता.

डॉक्टरांची दारू सुटली. पण काही आठवड्यांतच ते अटलांटिक सिटीला वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांची साथ सोडली नाही. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पिण्याचा दिवस मानला जातो, आणि तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन. १९५० मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी दारूला हात लावला नाही. म्हणजे या संघटनेच्या जन्मकथेतच एक घसरण आहे.

औषधे नंतर आली. डेन्मार्कमधील दोन संशोधक जंतांवरील औषध म्हणून डायसल्फिरामचा अभ्यास करत होते. गोळी घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो, हे त्यांना स्वतःवरच अनुभवायला मिळाले. १९४८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. या गोळीमुळे दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड शरीरात साठते. चेहरा लाल होतो, धडधड आणि उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ही गोळी चहात किंवा जेवणात लपवून कधीही देऊ नका. रुग्णाला माहीत नसेल आणि तो प्यायला, तर जिवावर बेतू शकते. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन १९९४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्य झाले.

१९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी सहकाऱ्यासह व्यसन पुन्हा जडू नये यावर पुस्तक प्रसिद्ध केले. माणूस बहुतेक वेळा तीन प्रसंगी घसरतो, असे त्यांना आढळले: मन उदास किंवा अस्वस्थ असताना, कुणाशी भांडण झाल्यावर आणि मित्रांच्या आग्रहाला बळी पडून. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. एक पेग घेतल्यावर "आता सगळे संपलेच" असे वाटते, आणि त्या अपराधी भावनेतूनच बाटली रिकामी होते. एकदा पाय घसरणे म्हणजे दरीत कोसळणे नव्हे.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथेही उपचारानंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर राहिला.

मग तुम्ही काय कराल?

आपले धोक्याचे प्रसंग कागदावर लिहा. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, एकटी संध्याकाळ. ओढ लागली की कुणाला फोन करायचा, ते आधीच ठरवा. ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ निभावायचा असतो. घसरलात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा गटातील सोबत्याला सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दारू एकदम बंद करू नये. फिट किंवा भ्रम होऊ शकतो.

आणि घरच्यांनो, तो परत आला तर दार उघडे ठेवा. ॲक्रनमध्येही तेच झाले होते.