छातीतली हवा आणि पाण्याची बाटली



आपल्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, चिवड्याचे हवाबंद पाकीट नेले तर ते टम्म फुगते. आतली हवा तेवढीच. पण बाहेरचा दाब घटला, म्हणून ती पसरली. दाब निम्मा झाला की हवा दुप्पट जागा मागते, हा नियम इंग्लंडात रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडला. त्यावर रोग्याचा जीव कसा टांगलेला असतो, ते पाहू.

फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये हवा किंवा पू साचला, की फुप्फुस दबते. नळी घालून तो काढावा, तर श्वास घेताना बाहेरची हवाच आत ओढली जाते. हँबुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ या वैद्याने यावरचा आपला तोडगा १८९१ साली प्रसिद्ध केला. नळीचे टोक त्याने बाटलीतल्या पाण्यात बुडवले. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. परत यायला पाणी आडवे येते. शिक्षकांना पेला आणि नळी घेऊन हे वर्गात सहज दाखवता येईल.

पुढे १९६० साली ॲमस्टरडॅमच्या बुरेमा या शल्यवैद्याने दाखवले, की रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ काढून घेतल्या, तरी भारी दाबाच्या प्राणवायूवर डुकरे जगू शकतात. दाबाच्या बंद खोलीतले उपचार त्यानंतर पसरले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे. पाणबुड्यांचा विकार, विषारी धूर, न भरणाऱ्या जखमा यांवर ती कामी येते.

आता छातीत नळी असलेला रोगी त्या खोलीत नेला, तर? दाब चढताना छातीतली हवा आकसते आणि बाटलीतले पाणी नळीत वर चढू लागते. म्हणून बाटली छातीच्या बरीच खाली ठेवायची. खरा धोका मात्र दाब उतरवताना! अडीचपट दाबात अडकलेली एक लिटर हवा बाहेर येईतो अडीच लिटर होऊ पाहते. नळी चिमट्याने बंद असेल, पिळली असेल, तर ती हवा फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबते. म्हणून कित्येक ठिकाणी बाटलीऐवजी हाइमलिक याने १९६०च्या दशकात काढलेली एकेरी झडप लावतात, आणि दाब सावकाश उतरवतात.

साधने बदलली, पण ब्यूलाऊचे सूत्र तेच राहिले : हवेला बाहेरची वाट सदैव मोकळी, आतली सदैव बंद. रोगी हलवताना सोय म्हणून नळीला चिमटा लावावासा वाटतो; त्या खोलीत तीच सोय जिवावर बेतते.