चॅस्टिटी, सेलिबसी आणि डिसिप्लिन : शब्दांचे अर्थ

इंग्रजीतील धार्मिक वाचनात ‘चॅस्टिटी’, ‘सेलिबसी’ व ‘कॉन्टिनन्स’ हे शब्द वारंवार आढळतात. मराठीत आपण तिन्हींसाठी सर्रास ‘ब्रह्मचर्य’ हा एकच शब्द योजतो. त्यामुळे चॅस्टिटी हा केवळ धर्मगुरू व धर्मभगिनी यांचा विषय आहे, असा समज होतो. विवाहितांच्या दृष्टीने हा समज घातक आहे.

‘चॅस्टिटी’च्या मुळाशी लॅटिन ‘कास्तुस’, म्हणजे शुद्ध, निर्मळ हा शब्द आहे. लैंगिकतेला व्यक्तीच्या समग्र जीवनात योग्य स्थान देणारा हा सद्गुण होय. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझमनुसार बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकालाच त्याचे पाचारण आहे (परिच्छेद २३४८). पतिपत्नींच्या बाबतीत चॅस्टिटी म्हणजे शरीरसंबंधाचा त्याग नव्हे, तर परस्परांशी एकनिष्ठता व परस्परांचा आदर. ‘पातिव्रत्य’ हा जुना शब्द येथे चालत नाही, कारण तो व्रताचा सारा भार पत्नीवर टाकून पतीला मोकळा सोडतो. त्यातल्या त्यात ‘शुचिता’ हा शब्द मला जवळचा वाटतो.

‘सेलिबसी’ ही मात्र जीवनावस्था आहे. लॅटिन ‘काएलेब्स’ म्हणजे अविवाहित. ‘कॉन्टिनन्स’ म्हणजे लैंगिक संबंधांपासून निवृत्ती. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम २७७ हे दोन्ही शब्द एकत्र आणतो : स्वर्गराज्यासाठी धर्मगुरूने पूर्ण व आजीवन निवृत्ती पाळावी आणि म्हणून अविवाहित राहावे. युक्रेनियन ग्रीक-कॅथलिक परंपरेत विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळते. असे धर्मगुरू सेलिबेट नसतात, परंतु चॅस्टिटी त्यांनाही बंधनकारक असते. उलट, केवळ लग्न न केल्याने कोणी शुचिर्भूत ठरत नाही.

याच कारणास्तव धर्मगुरूंचे अविवाहितपण हा श्रद्धासिद्धांत नसून ख्रिस्तसभेच्या ‘डिसिप्लिन’चा भाग आहे, असे म्हटले जाते. येथे डिसिप्लिन म्हणजे ख्रिस्तसभेने घालून दिलेली जीवनव्यवस्था. आपल्याला हा शब्द ऐकताच शाळेतील छडी आठवते. (जुन्या मठांत आत्मक्लेशासाठी वापरल्या जाणाऱ्या चाबकालाही डिसिप्लिनच म्हणत, हे खरे.) परंतु त्याचे मूळ लॅटिन ‘दिस्किपुलुस’, म्हणजे शिकणारा, हे आहे. ‘डिसायपल’ म्हणजे शिष्य, हा शब्दही तेथूनच आला.

‘चेसन’ व ‘चॅस्टाइज’ हे शब्द शिक्षेचा अर्थ देतात, पण तेही ‘कास्तुस’च्याच कुळातले आहेत, त्यांचा मूळ भाव शुद्ध करणे हा आहे. हिब्रूंस पत्राच्या बाराव्या अध्यायात, परमेश्वर ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांच्या संदर्भात, १६११ च्या इंग्रजी बायबलने ‘चेसन’ हे क्रियापद वापरले, तर विसाव्या शतकातील सुधारित आवृत्तीने ‘डिसिप्लिन’ पसंत केले. मूळ ग्रीक शब्द बालकाला वळण लावणे, घडवणे या अर्थाच्या कुळातला आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपले ‘शिष्य’ आणि ‘शासन’ हे शब्द ‘शास्’ या एकाच धातूपासून आले आहेत आणि मराठीत दंड ठरलेली ‘शिक्षा’ संस्कृतात अध्ययनच आहे.