चाळण झालेले शीड

१९६० साली पोर्ट्समथच्या नौदल बराकीत, व्यायामशाळेतल्या टाकाऊ गाद्यांच्या ढिगाखाली कॅनव्हासचे एक भले मोठे भेंडोळे सापडले. ते इंग्रज आरमाराच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचे शीड होते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ट्रफाल्गरच्या लढाईत, ते पुढच्या डोलकाठीवर फडकत होते. चॅटमच्या गोदीत हाताने शिवलेले, सुमारे ३,६०० चौरस फुटांचे, आणि त्यावर नव्वदेक भोके.

ही भोके पडली कशी, हे लढाईच्या आखणीतच आहे. इंग्रज नौसेनापती नेल्सनचे हे जहाज शत्रूच्या रांगेवर नाक रोखून चालून गेले. तोफा होत्या दोन्ही कुशींना आणि शत्रू होता समोर. त्यामुळे जवळजवळ चाळीस मिनिटे नुसता मार खाण्यावाचून गत्यंतर नव्हते. वारा मंद, चाल संथ. समोरून येणारे गोळे शिडांतून आरपार जात राहिले.

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना जीर्ण, फाटके शीड करायला शिकवणारा या शिडाहून चांगला गुरू नाही. असे गुरू मुळात फार थोडे. लाकडी जहाजाचा सांगाडा समुद्राच्या तळाशी टिकू शकतो, कापड सहसा टिकत नाही. धडधाकट असेपर्यंत शीड डोलकाठीवर, मग ठिगळांसाठी, मग चिंध्या म्हणून कागद गिरणीत, असाच त्याचा प्रवास असे. १६२८ साली स्टॉकहोममध्ये पहिल्याच सफरीत बुडालेल्या ‘वासा’ची सहा शिडे मिळाली, तीही न उभारता कोठीत घडी घालून ठेवलेली होती म्हणून. इंग्रज आरमारासाठी सतराव्या-अठराव्या शतकांत घडवलेल्या सुंदर प्रतिकृतींवर बहुधा शिडेच नसतात. त्या कारागिरांचे लक्ष जहाजाच्या बांध्यावर होते. त्यामुळे शिडांपुरते चित्रांकडे वळावे लागते. चित्रकार थोरला व्हॅन डे व्हेल्डे तर लढाई चालू असताना छोट्या होडीतून फिरत रेखाटने करी.

सर्वांत जास्त चुका होतात त्या रंगात. शीड जुने दाखवायचे म्हणून कापड चहाच्या पाण्यात बुचकळायचे, ही शौकिनांची आवडती युक्ती. पण युद्धनौकांची शिडे जवसाच्या खोडापासून काढलेल्या धाग्याची, म्हणजे लिननची असत. ती कोरी असताना मळकट पिवळसर दिसत आणि ऊनपावसात रंग उडत उडत राखाडीकडे झुकत. ओली गुंडाळून ठेवली, तर बुरशीचे काळे ठिपके पडत. गडद तपकिरी शीड असे ते मच्छीमारांच्या नौकांचे. बुरशी लागू नये म्हणून ते झाडांच्या सालींच्या उकळत्या काढ्यात भिजवत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानातून खैराचा अर्क जाऊ लागला. विड्यातला कात ज्या लाकडातून निघतो, तेच हे लाकूड. कात आणि चहा, दोन्हींत रंग धरणारे तुरट द्रव्य असतेच. म्हणजे चहाची युक्ती खोटी नाही, ती चुकीच्या जहाजावर वापरली जाते. मासेमारीच्या होडीवर ती शोभते, ‘व्हिक्टरी’वर नाही.

त्यानंतर प्रश्न मापाचा. त्या काळच्या इंग्रजी शिडाचे कापड साधारण २ फूट पन्ह्याचे असे. पट्टे एकमेकांना जोडून शीड तयार होई. १:४८ प्रमाणात एक पट्टा होतो जेमतेम १३ मिलिमीटरचा. तिथे खरी शिवण घातली, तर टाका दोरखंडाएवढा दिसतो. म्हणून अनेक जाणकार पातळ चिवट कागद घेतात आणि शिवणी टोकदार पेन्सिलीने ओढतात. तोफगोळ्याचे भोकही मोजूनच करावे लागते: ३२ पौंडी गोळा सुमारे ६ इंच व्यासाचा, म्हणजे प्रतिकृतीत अवघे ३ मिलिमीटर. बोट घुसेल एवढे भोक पाडले, की तोफ घराएवढी होती असे सांगितल्यासारखे होते.

वाऱ्याने फाटलेल्या शिडाची गोष्ट वेगळी. कापड ताण्याबाण्याच्या दिशेने उसवते, म्हणून फाट सरळ जाते, मग काटकोनात वळते. कडेला शिवलेला जाड दोर मात्र सहजी तुटत नाही. वादळात पोटाचे कापड उडून गेले, तरी दोर जागेवर राहतो आणि त्याला चिंध्यांची झालर लोंबत असते. कात्रीने कापलेली नागमोडी कड म्हणूनच लगेच डोळ्यांत खुपते. जाणता कारागीर आधी पात्याच्या टोकाने इवलीशी चीर देतो, मग दोन चिमट्यांनी ती हळूहळू ओढत नेतो, सुटलेले धागे ओल्या बोटांनी वाऱ्याच्या दिशेला वळवतो. दोराला तो हात लावत नाही.