आदेशातील तिसरा परिच्छेद

शासनाचे धोरण पुष्कळदा एखाद्याच वाक्यात दडलेले असते. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने, पंजाबातील काही शीख जाती वगळता, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यांस सूचीबाहेर ठेवले. १९५६ साली दुरुस्ती होऊन शिखांचा सरसकट समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. केंद्राच्या लेखी त्यांचे मागासलेपण त्याच दिवशी संपले! गावकुसाबाहेरची वस्ती मात्र होती तेथेच राहिली.

महाराष्ट्र शासनाने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रीय नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यापुढे पेच उरलाच. ‘बौद्ध’ लिहावे, तर राखीव जागेवरचा हक्क जातो. ‘हिंदू महार’ लिहावे, तर २२ प्रतिज्ञांशी प्रतारणा होते. ज्यांनी नाइलाजाने दुसरा मार्ग पत्करला, त्यांना आम्ही दोष देत नाही. तो आदेशानेच त्यांच्यावर लादला होता. तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील २७ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने १९९० साली त्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घातला, धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी. दाखल्यासाठी पूर्वाश्रमीची जात मात्र आजही सिद्ध करावी लागते.