बाष्पनशील तेलांचे निष्कर्षण: वाफ आणि अतिक्रांतिक वायू

कॅमोमाइलच्या फुलांचे तेल गडद निळे असते. परंतु तो रंग फुलात नसतो. फुलातील मॅट्रिसिन हे रंगहीन द्रव्य ऊर्ध्वपातनाच्या तप्त वाफेत विघटित होते व त्यापासून निळे कॅमॅझ्युलीन बनते. ज्याला वनस्पतीचे सत्त्व मानण्यात आले, ते अंशतः भट्टीचेच अपत्य होय.

वाफेला पर्याय सुचविणारे ज्ञान मात्र जुनेच आहे. सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डाय-ऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, हे टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये ग्लासगोच्या हॅने व होगार्थ यांनी अशाच अतिक्रांतिक अवस्थेतील अल्कोहोलात लवणे विरघळविली; दाब उतरताच ती हिमासारखी खाली पडली. निष्कर्षणाचे सारे तत्त्व या एका प्रयोगात आहे. तरीही ते वनस्पतिद्रव्यांपर्यंत पोचण्यास ८० हून अधिक वर्षे लागली, आणि तीही सुगंधासाठी नव्हे. म्यूल्हाइम येथील कुर्ट झोझेल यांचे १९६० च्या दशकातील संशोधन प्रथम उपयोगी पडले ते कॉफीतील कॅफीन काढण्यास! शास्त्रीय कुतूहलापेक्षा बाजाराची निकड येथे अधिक प्रभावी ठरली, असेच म्हणावे लागते.

कार्बन डाय-ऑक्साइडने मंद उष्णतेवर काढलेल्या कॅमोमाइलच्या अर्कात मॅट्रिसिन टिकून राहते. मात्र दाब वाढविला की मेणे व स्थिर तेलेही त्यात उतरतात, हे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये. शिवाय आयएसओ ९२३५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा अर्क बाष्पनशील तेल ठरतच नाही; ते नाव ऊर्ध्वपातनाने, अथवा लिंबूवर्गीय साली दाबून, मिळविलेल्या तेलासाठीच राखलेले आहे.